डिलाईटच्या पोटातला रंग

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, तरी सभासदांनी पार्किंगमधली बंद अवस्थेतली वाहने तीन महिन्यांत हलवावीत. 'वाहने' असं अनेकवचन छापलं होतं, पण तसं वाहन एकच होतं आणि ते आमचं होतं.

सिल्व्हर पार्कला, मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या खांबांपासून हाकेच्या अंतरावर आमची बिल्डिंग आहे. तिच्या मागच्या भिंतीला टेकून १९७२ सालची फियाट ११०० डिलाईट नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. बाबांनी ती १९८९ मध्ये दादरच्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा ते परळच्या चाळीत राहायचे आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायचे. १९९६ मध्ये आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पुढे सामानाचा टेम्पो आणि मागे डिलाईट अशी वरात हायवेवरून आली. पुढच्या सीटवर बाबा, आई आणि मध्ये मी. ही सीट बाकासारखी सलग असते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, त्यामुळे मधल्या पोराच्या पायात काही येत नाही. मी चार वर्षांची होते. प्रवास काही आठवत नाही. आठवतं ते उन्हात तापलेलं रेक्झिन आणि मांडीला बसलेला चटका.

आई २०२१ मध्ये गेली. गाडी त्याच्या आधीच बंद पडली होती.

बाबांनी नोटीस वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि म्हणाले, "चालू करू. चालू गाडीला ही नोटीस लागत नाही." आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली वाचलेल्या माणसाचा हा युक्तिवाद होता. तो खोडून काढायची माझी हिंमत झाली नाही.

इंजिनाची कथा इथे सांगत नाही. ती बरीच लांब आहे आणि तिच्यात मी नुसती बॅटरी धरून उभी होते. कार्ब्युरेटर साफ झाला, ब्रेकचं काम झालं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काही पार्ट सापडले, आणि १०८९ सीसीचं ते इंजिन एका रविवारी खोकत खोकत सुरू झालं. बिल्डिंगमधली पोरं खिडक्यांत आली. खरी अडचण त्यानंतर, दरवाजा उघडून आत बसल्यावर कळली.

*

आत जे होतं त्याला रंग म्हणणं कठीण होतं. दरवाजांचे पॅड एकेकाळी बिस्किटी होते. आता वरच्या बाजूला जळक्या साखरेसारखे, खाली फिकट, आणि सगळीकडे चिकट. हात लावला की बोटांचे ठसे उठायचे. पुढच्या काचेला आतून एक तेलकट थर होता, फडक्याने पुसला की नुसता पसरायचा.

मला वाटलं, नऊ वर्षांची धूळ आहे, साबणाने जाईल. ती धूळ नव्हती.

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक. नळाचा पांढरा पाइप आठवा. तो मऊ करायचा तर त्यात तेलासारखा एक पदार्थ भरपूर मिसळावा लागतो. ही युक्ती अमेरिकेत गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ मध्ये सापडली. गोम अशी, की हे तेल पीव्हीसीला रासायनिक रीतीने बांधलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. गाडी उन्हात तापली की ते हळूहळू बाहेर येतं. थोडं पृष्ठभागावर राहतं, तो चिकटपणा. थोडं हवेत उडून काचेवर बसतं, तो थर. सगळं निघून गेलं की रेक्झिन परत पाइपासारखं कडक होतं आणि तडकतं.

रंगाचं दुखणं वेगळं. उन्हाने पीव्हीसीमधून हायड्रोजन आणि क्लोरीन एकेक करून सुटत जातात. मागे जी साखळी उरते ती प्रकाशातला निळा भाग शोषते. म्हणून आधी पिवळं, मग तपकिरी. म्हणजे मी जे घासत होते तो मळ नव्हता, ते रेक्झिन स्वतःच बदललं होतं.

मग मी जे कोणीही करेल तेच केलं. तीन मिनिटांचा एक व्हिडिओ बघितला, व्हिनाइलवर मारायच्या रंगाचा स्प्रे मागवला, एक पॅड काढून टेरेसवर नेला आणि फवारला. पाच मिनिटं तो नवाकोरा दिसला. सहाव्या मिनिटाला रंगात गोल गोल खड्डे पडायला लागले, माशाच्या डोळ्यांसारखे. दोन दिवसांनी नखाने टोकरलं तर अख्खा पापुद्रा निघाला.

*

चाचांचं दुकान आमच्या रस्त्यावरच आहे. दुकान म्हणजे एक गाळा, एक शिलाई मशीन, फोमचे तुकडे आणि बाहेर फुटपाथवर ठेवलेली कुणाच्या तरी रिक्षाची सीट. ते मूळचे खेडकडचे. ऐंशीच्या दशकात कुर्ल्याला टॅक्स्यांची कुशनं शिवायचे. मी तो पॅड त्यांच्यापुढे ठेवला.

"हे कुणी केलं, मुली?"

"मीच."

"मग ठीक. दुसऱ्याने केलं असतं तर शिव्या दिल्या असत्या."

त्यांनी पॅडचा वास घेतला. मग विचारलं, घरी डॅशबोर्ड पॉलिश मारायचात का? मारायचो. दर रविवारी. बाबांच्या गाडीप्रेमाचा तो नित्यनेम होता. त्या पॉलिशमध्ये सिलिकोन असतं, आणि सिलिकोनवरून रंग मागे सरतो, तव्यावरच्या तेलावरून पाणी सरावं तसा. तीस वर्षांची चमक आता रंग धरू देत नव्हती.

पुढचे तीन शनिवार मी चाचांच्या हाताखाली काम केलं. आधी कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश. मग सिलिकोन काढायचं द्रावण, आणि फडकं दर वेळी नवीन. एकच फडकं फिरवलं तर काढलेलं सिलिकोन आपणच परत लावतो. मग अगदी बारीक पेपर, तोही रेक्झिनवरचे कातड्यासारखे दाणे घासले जाणार नाहीत इतका हलका. मग रंग, एकदम जाड नाही. पातळ हात, थांबायचं, पुन्हा पातळ हात. पहिल्या हाताला खालचं सगळं दिसलं पाहिजे. "पहिल्या हातात झाकायला गेलास की गेलास," चाचा म्हणायचे. कारागिरीच्या गोष्टी बोलताना ते सगळ्यांनाच पुल्लिंगी करतात.

बाजारात या रंगाला 'डाय' म्हणतात, पण कापडाच्या रंगासारखा तो आत मुरत नाही. त्यातलं द्रावण वरचा थर किंचित मऊ करतं आणि लवचिक राळेचा एक पातळ पडदा त्याला धरून बसतो. रेक्झिन वाकलं की हा पडदा वाकायला हवा. घराच्या खिडक्यांचा ऑइलपेंट असतो तो वाकत नाही, म्हणून जुन्या रिक्षांच्या सीटवर तो तडकलेला दिसतो.

रंग कसा द्यायचा हे इथवर कळलं. मग चाचांनी विचारलं, "रंग कुठला?"

"बिस्किटी. होता तसा."

"होता तसा म्हणजे कधी होता तसा?"

*

चाचांनी काच खाली-वर करायचं हँडल काढलं. त्याच्यामागे एक गोल चकती असते. चकतीखालचं रेक्झिन कधीच ऊन बघत नाही. तिथे रुपयाएवढा एक ठिपका होता, स्वच्छ बिस्किटी, थोडा गुलाबीकडे झुकणारा. जुन्या गाडीचा खरा रंग शोधायचा तर अशाच जागा बघायच्या असतात: चकतीमागे, सीटच्या पटीत, अ‍ॅशट्रेखाली. मी मोबाइलवर फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच उत्तर आलं, 'हाच. कंपनीचा रंग.'

तोवर चाचा पॅडची कडा उलटवत होते. पॅड म्हणजे पुठ्ठ्यासारखी फळी, तिच्यावर रेक्झिन ताणून मागे चिकटवलेलं. त्यांनी कड जरा उचलली आणि थांबले. बिस्किटी रेक्झिनच्या खाली आणखी एक रेक्झिन होतं. करडं, निळसर झाक असलेलं, पार तडकलेलं. आणि फळीच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिलं होतं: १५-४-८४.

"जुनं काढायचा कंटाळा," चाचा म्हणाले. "वरून नवीन ताणायचं. आम्ही सगळे तेच करायचो. आणि मागे तारीख टाकायची. गिऱ्हाईक उद्या म्हणालं की सहा महिन्यांत फाटलं, तर दाखवायला."

म्हणजे १९७२ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली ती आतून करडी होती. बिस्किटी झाली १९८४ मध्ये, डॉक्टरांकडे असताना.

बाबांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. छत्तीस वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले होते, की डॉक्टरांनी गाडी देताना शब्द दिला होता, आतलं काहीही बदललेलं नाही, सगळं कंपनीचं. हे सांगताना त्यांचा हात नेहमी दरवाजाच्या त्या बिस्किटी पॅडवर असायचा.

*

डॉक्टर खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याचा कारखाना १९४७ पासून आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवायचा, मग पन्नासच्या दशकात फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की ज्यांना गाडी इथे बनवायची आहे त्यांनी थांबावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: कोलकात्याकडची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली प्रीमियर. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर, आणि १९६९ पासून किती किमतीला विकायच्या हेही सरकारच्या आदेशावर. त्या किमतीवरून प्रीमियर थेट सुप्रीम कोर्टात गेली होती.

या सगळ्याचा गाडी घेणाऱ्यावर परिणाम काय? पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर आला की जी गाडी येईल ती घ्यायची. रंग आवडला नाही म्हणून नंबर सोडणारा माणूस त्या पिढीतल्या कुणालाच भेटलेला नाही. फियाट ११०० डिलाईट १९६४ मध्ये आली. मधे काही काळ तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट होतं, १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००१ च्या सुमारास बंद झाली. जवळपास सदतीस वर्षांत तिचा आकार फारसा हलला नाही. इटलीत याच घाटाची गाडी १९६२ मध्ये आली आणि काही वर्षांतच गेलीसुद्धा. आज कुर्ल्यात कारखाना नाही, प्रीमियर रोड मात्र आहे.

अशा गाडीत मालकाच्या मर्जीला जागा कुठे? बॉनेटखाली नाही. बाहेरून रंग बदलायचा तर आरटीओच्या कागदावर नोंद. उरतं ते आतलं. तिथे कुणी विचारत नाही. म्हणून मुंबईतल्या फियाटचा बाहेरचा घाट एकच राहिला आणि आत हजार तऱ्हा झाल्या. टॅक्सीवाल्यांनी तर कहर केला: लाल रेक्झिनवर पांढरी पायपिंग, छताला फुलाफुलांचं कापड, हिरव्या दिव्याखाली देवाची तसबीर किंवा ७८६. पुढे २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी या सीटांसाठी कापडं काढली आणि त्यातली एक टॅक्सी कोल्डप्लेच्या व्हिडिओत झळकली. ते छानच होतं, पण त्याच्या आधी पन्नास वर्षं चाचांसारखी माणसं हेच करत होती. त्यांची नावं मात्र कुठे आली नाहीत. फळीमागच्या तारखेवरही सही नसते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवसांत बातम्यांमध्ये फोटो आले ते बहुतेक सगळे बाहेरून काढलेले, काळी-पिवळी. टॅक्स्या भंगारात गेल्या तशी ती आतली कापडंही गेली.

तर डॉक्टर. १९७२ मध्ये त्यांना करडी गाडी मिळाली. मिळाली म्हणजे आली. बारा वर्षांनी रेक्झिन तडकलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःला हवा तो रंग घेतला. पाच वर्षांनी गाडी विकताना 'काही बदललेलं नाही' म्हणाले, ते त्यांच्या डोळ्यांपुढच्या गाडीबद्दल खरंच असावं. इंजिन तेच, गिअर तोच. कुशनं शिवून घेणं याला 'बदललं' म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. ती दुरुस्ती होती.

रेक्झिन हा शब्दच बघा. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाईड गावातल्या एका कंपनीचं ते छापाचं नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन, त्यात रंग घालून, वर कातड्याचे दाणे उठवायचे. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून अमेरिकेत ड्यूपाँने १९२३ मध्ये ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग काढला आणि गाड्या रंगवायला लागणारे आठवडे तासांवर आले. पुढे दोन्हींचा मालमसाला बदलला, रेक्झिन पीव्हीसीचं झालं, ड्युकोच्या जागी दुसरे रंग आले. पण आपल्याकडे कुशनवाला अजून रेक्झिन म्हणतो आणि गॅरेजवाला ड्युको. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे भोर इंडस्ट्रीजचा खटला होता, तोही याच धंद्यातला: रेक्झिनसारखं कापड बनवताना मधेच जी कच्ची पीव्हीसीची फिल्म तयार होते ती 'माल' आहे का, तिच्यावर अबकारी कर लागेल का? कोर्ट म्हणालं, बाजारात विकली जात नसेल तर नाही. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ती फिल्म कोण घेईल? फाटते."

*

बाबांना मी पॅडच नेऊन दाखवला. जास्त बोलले नाही, कड उलटून दिली.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. डावा डोळा झाकला, बघितलं. उजवा झाकला, बघितलं. पुन्हा डावा.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं होतं, डाव्याचं बाकी होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग नुसतं गढूळ होत नाही, पिवळट-तपकिरीही होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते इतकं सावकाश होतं, की माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्यात स्वच्छ नवं भिंग बसलं की फरक उघडा पडतो. बाबांना करडं रेक्झिन उजव्या डोळ्याने निळसर दिसत होतं आणि डाव्याने शेवाळी.

"बिस्किटी पण दोन आहेत," ते म्हणाले. "उजव्याने बघितला तर हा मला पांढुरका वाटतो. हा तो रंग नाही."

"कुठला तो रंग?"

"तुझी आई बसायची तो."

करड्याबद्दल त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "माझ्या ताब्यात आली तेव्हा बिस्किटी होती. तेवढं तर खरं?" मी म्हटलं, तेवढं खरं.

आता अडचण माझी होती. मी वाचून वाचून पक्की 'ओरिजिनल'वाली झाले होते. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, एक सनद आहे. तिचं नाव तुरिन सनद, आणि तुरिन म्हणजे १८९९ मध्ये फियाट जिथे जन्मली तेच शहर. तिचा रोख असा, की शक्य तितकं जपा, कमीत कमी बदला, वापराच्या खुणाही इतिहासच आहेत. हे वाचून मला आधी वाटलं, झालं, करडाच करायचा. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, १९८४ चं बिस्किटी रेक्झिन ही वापराची खूण नाही तर काय आहे? बारा वर्षांच्या करड्यासाठी चाळीस वर्षांचं बिस्किटी फाडून टाकायचं?

कायद्याकडे बघितलं तर तो आणखी मजेशीर निघाला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी, मूळ स्वरूपात राखलेली. मूळ स्वरूप म्हणजे चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. आतल्या रंगाचा शब्द नाही. नव्याने नोंदणी करायला २०,००० रुपये, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. आमची डिलाईट त्यात बसते. पण अशी नोंदणी केली की गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई.

"म्हणजे भाजी आणायला नाही न्यायची?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला हवी?"

साधी फेरनोंदणी करायची तर दर पाच वर्षांनी तपासणी, हरित कर, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये फी. बाबांनी कागद पुढे ओढून हिशोब मांडला आणि साधी फेरनोंदणी ठरली. म्हणजे आमची गाडी कायद्याने व्हिंटेज होणार नव्हती, आणि 'ओरिजिनल' राहायची सक्ती करणारं कुणी उरलं नव्हतं. मीच काय ती.

*

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. सोसायटीची मुदत तोवर उलटून गेली होती, पण गाडी चालू होती, त्यामुळे सेक्रेटरींना बोलता येईना. बाबांचा युक्तिवाद टिकला.

तीन आठवड्यांनी आम्ही रंग जुळवायला बसलो. चाचांनी बाबांना गाळ्याबाहेर, फुटपाथवर खुर्ची दिली. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फिरतो. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले की एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात. म्हणून सकाळी दहाचं ऊन, मेट्रोच्या पुलाची सावली येण्याआधी. चकतीमागचा ठिपका मध्ये आणि त्याच्या बाजूला चाचा एकेक नमुना रेक्झिनच्या तुकड्यावर मारून धरायचे. पांढऱ्यात पिवळा, मग लाल टोकाने, मग काळा इतका की ब्रशच्या एका केसावर मावेल. ओला रंग वेगळा दिसतो, म्हणून दर वेळी वाळेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात चहा.

पहिला नमुना पिवळट. दुसरा गुलाबी. चौथ्याला बाबा म्हणाले, "जवळ आला." सहाव्याला त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींनी सारखाच दिसत होता. तरी ते लगेच हो म्हणाले नाहीत. तुकडा हातात घेऊन उठले, गाडीपाशी गेले, पुढचा डावा दरवाजा उघडला आणि तुकडा पॅडच्या वरच्या कडेला धरला, जिथे बसणाऱ्याचा हात टेकतो. तिथे रेक्झिन बाकीच्यापेक्षा गुळगुळीत झालं आहे.

"हा," म्हणाले.

डॅशबोर्डचं काम मी एकटीने केलं. तो पत्र्याचा आहे. कोपऱ्यात एक छोटा गोल मी आधी जाड, मग बारीक वॉटर पेपरने घासत नेला, तर झाडाच्या खोडासारख्या कड्या दिसल्या. वर काळा मॅट, तो बाबांनी २००३ मध्ये काचेत चकाकी येते म्हणून मारलेला. त्याखाली क्रीम. त्याखाली करडा. सगळ्यांत खाली प्रायमरचा तांबडा आणि मग पत्रा. भाईंदरच्या मिठागरांकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने काही ठिकाणी पत्र्याला गंज चढला होता, तो काढला आणि लांबी भरली. वरून क्रीम दिला. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाआड तो घासलेला गोल मात्र तसाच ठेवला आहे. बाबांना ते पटलेलं नाही. "अर्धवट काम दिसतं," म्हणतात.

पॅडच्या बाबतीत खालचं करडं रेक्झिन आम्ही काढलं नाही. ते काढायचं तर वरचं फाडावं लागलं असतं. डाव्या पॅडवर वरच्या कडेचे ते गुळगुळीत झालेले दाणे नव्याने उठवायची सोय चाचांकडे होती, साचा तापवून दाबायचा. त्यांनी विचारलं. बाबांनी नको म्हटलं. रंग पातळ असल्यामुळे ती जागा अजून हाताला कळते.

शेवटचा पॅड बसवायच्या आधी चाचांनी तो उलटा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि १५-४-८४ च्या खाली त्या दिवसाची तारीख टाकली. मग विचारलं, शेडचं नाव काय लिहू?

"बिस्किटी," बाबा म्हणाले.

"हा बदामी आहे," चाचा म्हणाले. "बिस्किटी जास्त पिवळा असतो."

"कुठल्या बिस्किटाबद्दल बोलताय तुम्ही?"

यावर दोघांचं दहा मिनिटं चाललं. ग्लुकोज, मारी, नानकटाई, सगळं निघालं. मी मध्ये पडले नाही. शेवटी चाचांनी नावच लिहिलं नाही. पांढरा किती, पिवळा किती, लाल किती, काळा किती, असं माप लिहिलं, पॅड सुलटा केला आणि स्क्रू पिळले. चकती बसली, वर हँडल बसलं. बाबांनी काच एकदा खाली केली, एकदा वर केली, आणि भाजीची पिशवी आणायला वर गेले.